पाच घरची भाकर

माझ्या आतेसासूबाई, म्हणजे यांच्या वडिलांची बहीण, लहान वयात विधवा होऊन भावाच्या घरी आल्या आणि तिथल्याच झाल्या. सासू-सासरे मी या घरात यायच्या आधीच वारले होते. घरात हे, मी, आत्याबाई आणि माझा दीड वर्षाचा मुलगा. आमचं गाव मोताळ्यापासून फार लांब नाही. बाजाराच्या दिवशी माणसं पायी जातात आणि दिवेलागणीच्या आत परत येतात.

लढाईची वर्षं होती. तरणी माणसं खामगाव-मलकापूरकडे कापसाच्या जिनांत कामाला लागलेली, वेचणीला बाया पुरत नसत. म्हणून दसरा झाला की कपाशी वेचायला मलाही जावं लागे आणि मूल आत्याबाईंजवळ राही. ही तक्रार नाही. त्या नसत्या तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. पण सगळ्या त्रासाचं मूळही हेच होतं. त्यांच्यावाचून माझं चालत नव्हतं आणि त्यांना ते माहीत होतं.

शिवाय मला बोलता येत नाही. चारचौघांत शब्द घशाशी येऊन थांबतात. माहेरी, जळगाव जामोदला, मुलींच्या शाळेत चौथीची परीक्षा झाली तेव्हा तपासणीला आलेल्या साहेबांपुढे कविता पाठ असून मला म्हणता आली नाही. ते म्हणाले, मग पाटीवर लिही. लिहिली, आणि पास झाले. त्या साली आत्याबाईंशी जे बोलायचं राहून गेलं ते आता तसंच लिहिते आहे.

सकाळी शेतात जाण्याआधी मी ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, दुधात कालवून, वाटीत झाकून ठेवी. दुपारसाठी वरणाचं पाणी आणि भाकरीचा वरचा पापुद्रा. शाळेच्या पुस्तकात आरोग्याचा एक धडा होता. लहान मुलाला ठरल्या वेळी, ताजं आणि मऊ अन्न द्यावं, तिखट-तेलकट देऊ नये, असं त्यात होतं. एकदा धीर करून मी तो आत्याबाईंना सांगितला.

त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ज्यानं ते लिहिलं, त्यानं लेकरं वाढोली काय?"

"डाक्तरनं लिहिलं असीन, आत्याबाई."

"मंग त्याच्या बायकोनं वाढोली. तिनं काय चारलं ते तिले इचार."

संध्याकाळी मी पदर झटकून, हातपाय धुऊन मुलाला घेई आणि विचारी, "यानं काय खाल्लं आज?"

"सगळं खाल्लं."

"कण्या?"

"वाटी पाह्य ना. रिकामी हाय का नाई?"

वाटी रिकामी असे, चाटूनपुसून. पण मुलाच्या अंगाला कढीचा वास येई आणि घरात आठ दिवसांत कढी झालेली नसे. एकदा ओठांच्या कोपऱ्यांत लसणाच्या चटणीचा लाल रंग होता. एकदा मुठीत गुळाची शेव होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "आलं असीन कोणी, देल्लं असीन. लेकराच्या हातातलं काय हिसकून घ्या?" मी पाट मांडून, दूध-भाकर कुस्करून त्याला मांडीवर घेई, तर तो ओठ घट्ट मिटून घेई. मान इकडे फिरवी, तिकडे फिरवी, दाराकडे बोट दाखवी. एक घास तोंडात गेला तर तो माझ्या लुगड्यावर परत येई.

"भूक नाई त्याले," आत्याबाई चुलीशी बसून सांगत. "भूक नसन त कायले कोंबतं?"

दोनदा त्याचं पोट बिघडलं. "दात येऊन राह्यले," त्या म्हणाल्या. पोट बिघडलं की मी रात्रभर जागी राही. याच्याआधी मला एक मुलगी झाली होती. ती सव्वा वर्षाची होऊन भाद्रपदात, तीन दिवस पोट चालून, गेली. आजारी पडायच्या आदल्या दिवशी भाजलेल्या कणसाचे चार दाणे बोटांनी चिरडून मीच तिला भरवले होते. ते कोणी मला कधी बोललं नव्हतं. मीही कोणाला बोलले नव्हते.

मग एका सकाळी विहिरीवर पाटलांच्या घरची बाई म्हणाली, "तुहं पोरगं बाकी गोड हाय वो. काल आमची कढी दोनदा मांगतली त्यानं."

मी हसल्यासारखं केलं आणि घागर उचलली. दुसरी कोणी असती तर तिथेच विचारून घेतलं असतं की तो तुमच्याकडे कसा आला, कोणाबरोबर आला. मी घरी येईपर्यंत मनात दहा वेळा विचारलं आणि आल्यावर आत्याबाईंनाही विचारलं नाही.

त्यानंतर आठवडाभराने बाजार होता. बाजाराच्या दिवशी वेचणाऱ्या बाया अर्ध्या दिवसाने जातात, तशा गेल्या. मीही घरी निघाले. मारुतीच्या पारापासून वळले आणि पाटलांच्या दारात माझा मुलगा उभा दिसला. अंगात सात-आठ रंगांच्या चिंध्या जोडून शिवलेलं झबलं, जे मी कधी पाहिलं नव्हतं. कपाळभर अंगारा. दोन्ही हातांत जर्मनचा कटोरा. मागे आत्याबाई, डोक्यावरून पदर ओढलेला.

"माय, लेकराले वाढा वो," आत्याबाई म्हणाल्या. रोजच्या आवाजात नाही, दारोदार फिरणारे म्हणतात तसं, शेवटचा शब्द लांबवून.

मुलाने कटोरा वर केला. "वाला वो."

त्याला तेव्हा आई म्हणता येत नव्हतं. मला तो नुसता "आ" म्हणे. पण हे त्याने स्वच्छ म्हटलं.

पुढे जाऊन त्याला उचलायला हवं होतं. मी काय केलं, तर मागे फिरले आणि दुसऱ्या बोळाने घरी येऊन बसले. माझं मूल गावासमोर भीक मागत होतं आणि चोरी केल्यासारखी लपले मी.

त्या आल्या तेव्हा झबलं घडी करून पदराखाली होतं आणि कपाळ पुसलेलं होतं. मला पाहून थबकल्या, पण घाबरल्या नाहीत.

"लवकर आली?"

"मी पाह्यलं, आत्याबाई. पाटलाच्या दारात."

"मंग बरं झालं. सांगायचं काम सरलं." त्यांनी मुलाला खाली ठेवलं. "पाच घरची भीक हाय. जावळ निघेपर्यंत. देवीपुढं नवस बोलली होती मी, तो पोटात होता तवाच."

ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. ज्या घरातलं मूल जातं तिथल्या पुढच्या मुलाला घरचं म्हणून वाढवायचं नाही, मागून आणलेलं म्हणून वाढवायचं, मुलगा असला तर त्याचं नाक टोचायचं. म्हणजे न्यायला येणाऱ्याला ते कोणाचं हे कळत नाही. आमच्याकडे पुष्कळ घरांत करत. पण आईला न सांगता कोणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू धडा म्हणून दाखोला असता."

"मी कण्या करून ठेवते त्या?"

"वासरू खाते." आणि माझं तोंड पाहून म्हणाल्या, "फेकत नाई मी काही. अन्न हाय ते."

वासरू त्या साली खरंच गुटगुटीत झालं होतं. मी यांना म्हटलंही होतं की यंदा चारा चांगला दिसतो.

"घरात दूध हाय, ज्वारी हाय," मी म्हटलं, "आन् माहं पोरगं लोकाइच्या दारात उभं राहते. लोक काय म्हणतीन?"

"लोकाइले समजते. तुलेच नाई कयत. तुहा नवरा असाच वाढोला म्यां. त्याच्या नाकात भोक हाय का नाई पाह्य. दोन गेल्यावर झाला होता तो. आज कसा उभा हाय बैलावानी." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पहिलीले शेवटचं कोणं चारलं होतं, बाई?"

हे त्या खोचून बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण अमुक विहिरीचं पाणी खारं आहे असं सांगावं तसं त्या बोलल्या. "काहीकाइच्या हाताले नसते गुण. तुहा काही दोष नाई त्याच्यात. मोठा झाल्यावर चार ना. मी नाई म्हणते काय?"

मी उठून गोठ्यात गेले. वासराने माझ्या हाताला तोंड लावलं. मी त्याला ढकललं.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी सगळं सांगितलं. बैलांना पाणी पाजून होईपर्यंत यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आत्या म्हणते त असीन काही."

"माह्या हातचं खाल्लं त काय होते त्याले?"

"कायले काय होते? पण चार महिन्याची गोष्ट हाय. चैतात जावळ काढू." आणि नाकाला हात लावून म्हणाले, "मले कुठं काय झालं?"

हे त्यांचं नेहमीचं. स्वतःला काही झालं नाही हा त्यांचा सगळ्या प्रश्नांवरचा पुरावा. आत्याबाई पण तोच पुरावा दाखवत, आणि पुरावा समोर बसून चार भाकरी खात असे. माझ्याच हातच्या. दोघांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

लेकरू घेऊन शेतात जाऊन पाहिलं. एक दिवस कपाशीच्या ओळीत झोळी बांधली. त्याने बोंडं तोंडात घातली, एकदा मुंग्यांत बसला, आणि दिवसभरात माझी निम्मीही वेचणी झाली नाही. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी त्याला माझ्याकडून घेतला. मी पण दिला.

आमच्या शेजारी एक माळीण राहत असे. गळ्यात माळ, तोंडात अभंग, आणि टोपलीत वांगी-मेथी घेऊन बाजार करणारी. आमचं आणि तिचं परसदार एकच, मध्ये कमरेएवढी भिंत. आत्याबाईंनी धरलेल्या पाच घरांत तिचं घर पाचवं होतं. मी तीन दिवस त्या भिंतीपाशी जाऊन परत आले. चौथ्या दिवशी तिनेच विचारलं, "काय बाई, भितीले काय इचारून राह्यली रोज?"

मी भिंतीकडेच पाहत सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग तोंडाला पदर लावून हसली.

"म्हंजे तुही भाकर, तुह्याच पोराले, मी वाढू?"

"हाव, मावशी."

"आन् पुण्य कोणाचं?"

"तुमचं."

"मंग ठेवत जाय भितीवर."

तेव्हापासून मी रोज पहाटे दुधात पीठ भिजवून एक मऊ भाकर करी, तुपाचं बोट फिरवी, फडक्यात गुंडाळून भिंतीवर ठेवी आणि शेतात जाई. बाकीच्या चार घरांचं काही चुकवता येत नव्हतं. कढी होतीच, चटणी होतीच. पण मुलाच्या मनात माळणीचं घर भरलं. मावशी सांगे की तो आता बाकीच्या दारांत घाई करतो आणि इथे आला की खाली बसतो. अख्खी भाकर खातो. महिन्याभरात त्याच्या मनगटाला वळी आली.

आणि आता मला जे ऐकावं लागलं ते असं.

"पाह्य," आत्याबाई त्याची मांडी चिमटीत धरून म्हणत, "माळणीच्या हाताले गुण हाय."

"हाव."

"तिची भाकर पाह्यली काय? कापसावानी. तोंडात घातली का गेली."

"हाव, आत्याबाई."

"तू जराक शिक तिच्याजवळून. आपल्या घरची भाकर मले आताशी गियत नाई. दात राह्यले नाई मले. मी म्हणत नाई म्हणून."

मी परातीत पीठ मळत होते. एवढा राग मला कधी आला नव्हता आणि एवढं हसूही कधी दाबलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकदम आल्या की पीठ फार चांगलं मळलं जातं. त्या दिवशी आत्याबाईंना भाकर गिळवली. म्हणाल्या, "आज बरी झाली. सांगतलं म्हणून झाली."

माझं हे असं चैत्रापर्यंत चाललं असतं. पण मी चुकले, आणि चुकले ती तिथीत.

मावशी माळकरी. त्यांच्या घरी एकादशीला धान्याचा दाणा शिजत नाही, चूल फक्त भगरीला आणि शेंगदाण्याला पेटते. हे मला माहीत होतं. आधीच्या एकादशीला मी भाकर ठेवली नव्हती, आणि त्या दिवशी त्याच्या कटोऱ्यात भगर पडली होती. पण पौषात वेचणी अंगावर आली, बोटांना बोंडांची टोकं लागून चिरा पडल्या, सकाळ कोणती आणि तीथ कोणती हे कळेना. मी भाकर भाजली आणि भिंतीवर ठेवली. मावशी नेमकी लवकर बाजाराला गेलेली. घरात तिची नवी सून. तिला एवढंच सांगितलेलं, की भिंतीवर असेल ते पोराला वाढायचं. तिने वाढलं.

संध्याकाळी आले तर आत्याबाई ओट्यावर बसलेल्या. समोर कटोरा, कटोऱ्यात भाकर, मोडलेली नाही. मुलगा त्यांच्या मांडीवर चिडून रडत होता.

"आज कोणती तीथ हाय?" त्यांनी विचारलं.

मी मनात मोजायला लागले आणि दोन बोटांवरच थांबले.

"माळणीच्या घरी एकादशीच्या दिवशी ज्वारीची भाकर. ताजी. तूप लावेल." त्यांनी भाकर उचलून मला दाखवली, कोर्टात वस्तू दाखवावी तशी. "कोणाची हाय?"

"माही."

"कवापासून?"

"महिना झाला."

त्यांनी भाकर कटोऱ्यात परत ठेवली. आणि त्यांच्या न बोलण्याने माझं तोंड उघडलं, जे चार वर्षांत उघडलं नव्हतं. मी म्हटलं, "महिनाभर तो माह्या हातचं खाऊन राह्यला. रोज. तुमी म्हणे माळणीच्या हाताले गुण हाय. त्याच्या मांडीले हात लावून पाहत होत्या ना तुमी? ते माहं हाय. मेला काय तो?"

शब्द निघाला तसा परत घेता येईना. आत्याबाईंनी मुलाला छातीशी दाबला, आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, तीनदा थुंकल्या. मी पण थुंकले. आम्ही दोघी भांडता भांडता एकाच मुलावरून थुंकत होतो, आणि तो रडायचा थांबून आमच्याकडे पाहत होता.

"आपल्या तोंडानं बोलली," त्या म्हणाल्या. "आता काही झालं त?"

"नाई काही होत. झालं त तवाच झालं असतं."

"मले फशिवलं. देवीले फशिवलं."

"तुमी मले फशिवलं, आत्याबाई. माह्या कण्या वासराले चारल्या."

"वासराचं काय घेऊन बसली?"

"तुमी चार वर्षं माह्या हातचं खाता. तुमाले काय झालं?"

"मले काय व्हायचं राह्यलं हाय, बाई," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळीही जेवल्या नाहीत. माझ्या हातची भाकर नको म्हणाल्या, उंद्रीला दुसऱ्या भाच्याकडे जाते म्हणाल्या, गाठोडं बांधलं आणि दारात ठेवलं. हे गाठोड्यापाशी बसून म्हणाले, "आत्या, असं नको करू." मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "तू कायले बोलली?" म्हणजे आता घरात दोघं खात नव्हती, एक दीड वर्षाचा आणि एक साठीच्या पुढची. तिसरा जेवून उठून मला समजावत होता. आणि शेतात कापूस फुटून लोंबत होता.

मला वाटलं होतं, आता सगळं उघड झालंच आहे तर मुलाला सरळ चारीन. दूध-भाकर कुस्करून पाटावर बसवला. त्याने ओठ मिटले. मी त्याला सांगितलं की हीच ती भाकर, माळणीच्या घरची, बघ, हीच. तो मांडीवरून घसरला, कोपऱ्यातला कटोरा उचलला आणि दाराकडे गेला. उंबऱ्याच्या बाहेर जाऊन उभा राहिला आणि बोळाकडे पाहू लागला. घरात बसून खायचं असतं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मी जिंकले होते म्हणावं तर माझं मूल दारात उपाशी उभं होतं. त्याच्यामागे गाठोडं होतं, आणि गाठोड्याच्या बाजूला आत्याबाई. त्यांनी सगळं पाहिलं. कटोरा रिकामा असलेला त्यांना सोसवला नाही. गाठोडं तिथेच टाकून त्याला घेऊन निघाल्या.

बाकीची घरं झाली. पण माळीणमावशी दारात आली नाही. आतूनच म्हणाली, "माह्या घरून आता काही नाई. तुमच्या सासवा-सुनाइच्या भांडणात माही एकादशी बुडाली." माळकरी बाई, तिच्या घरून एकादशीला भाकर वाढली गेली हे बाजारापर्यंत गेलं होतं. तिचा राग खरा होता. मी नंतर तिच्यापुढे हात जोडले, तिने माफ केलं, पण कटोऱ्यात पुन्हा कधी वाढलं नाही.

आत्याबाई परत आल्या त्या चार घरांवरूनच. मुलाने तिसऱ्या दारानंतर काही खाल्लं नव्हतं. तो पाचव्याची वाट पाहत होता.

हे म्हणाले, "मंग दुसरं घर धर. तेल्याचं धर."

"धरेल घर सुटत नाई," आत्याबाई म्हणाल्या. "मधातच बदललं त सगळंच गेलं. मांगचंबी गेलं."

"मंग काय करतं?"

"थांब. मले इचार करू दे."

दुपारभर त्या ओट्यावर बसून विचार करत होत्या. मी आत बसून चुलीला पोतेरं देत होते, देऊन झालेलं पुन्हा देत होते. मला त्यांचं काहीच पटत नव्हतं. तरी त्या काय ठरवतात याकडेच माझे कान होते. शेवटी त्यांनी यांना हाक मारली आणि मला ऐकू जाईल एवढ्याने सांगितलं.

"माळणीच्या हातानं जे आलं ते माळणीचं नव्हतं. आपलंच होतं. म्हंजे महिनाभर पाचवं घर आपलंच होतं. म्यां धरलं नाई, तरी ते धरल्या गेलं." मग म्हणाल्या, "आता ते सुटत नाई."

"म्हंजे?" यांनी विचारलं.

"म्हंजे काय? तिले म्हण भाकर टाक."

मी भाकर टाकली. दुधातली. पीठ मळताना राग आला होता, कारण माझ्याच घरात माझ्याच मुलाला वाढायची परवानगी मला अशी वळसा घालून मिळाली होती. माझ्या हाताला गुण आहे असं त्यांनी म्हटलं नाही. पुढेही कधी म्हटलं नाही. नियम मोडत नव्हता, एवढंच. मला वाटलं, सांगावं की असं नाही वाढत मी. मग वाटलं, तो कालपासून अर्धपोटी आहे.

बाहेर आत्याबाई त्याला घेऊन बोळात उतरल्या. चिंध्यांचं झबलं घातलं, अंगारा लावला, पदर ओढला. माळणीच्या दारावरून पुढे आल्या आणि आमच्या दारात उभ्या राहिल्या, जशा कोणाच्याही दारात उभ्या राहत.

"माय, लेकराले वाढा वो."

चाळीस वर्षं ज्या घरात राहिल्या त्या घराच्या बाहेर उन्हात उभं राहून त्या मला माय म्हणत होत्या. हे बैलांच्या आडून पाहत होते.

"वाला वो," मुलगा म्हणाला.

मी भाकर घेऊन बाहेर आले आणि उंबऱ्यावर त्याच्यापुढे बसले. कटोरा वर आला होता. मी भाकरीचा कोवळा घास मोडला, फुंकला आणि कटोरा तसाच ठेवून त्याच्या तोंडापाशी नेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मागे आत्याबाईंकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.

"भीक कटोऱ्यात वाढतात, बाई," आत्याबाई वरून म्हणाल्या. "तोंडात नाई."

मी दुसरा घास मोडला.